गावरान टमाटरांचा लहरी बहर व घरच्या बियांची निवड

झाडीपट्टीत धान कापून बांध्या मोकळ्या होऊ लागल्या, म्हणजे ज्या शेतकऱ्याजवळ बोडीचे, विहिरीचे अगर नाल्याचे थोडेबहुत पाणी असते तो वाडीत चार सऱ्या टमाटर लावतो. बाजारात ज्यास टमाटर म्हणतात त्यासच आपल्या खेड्यांतून भेदरे म्हणण्याचा प्रघात आहे, आणि शेतकीच्या जुन्या पुस्तकांत हेच फळ बेलवांगी या नावाने आढळते. हे पीक मूळचे या देशाचे नव्हे. त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेकडील पहाडी मुलखात असून मेक्सिकोतील लोकांनी ते लागवडीस आणले. तेथून ते युरोपात गेले व युरोपीय लोकांबरोबर आपल्याकडे आले. परंतु घरोघर स्वतःचेच बी धरून लावीत गेल्यामुळे त्याचे गावोगाव निरनिराळे वाण पडले. कोठे बोराएवढी झुपक्यांनी लागणारी फळे, कोठे चपटी व खोल पन्हाळ्या असलेली, कोठे पातळ सालीची व आंबटढाण. या सर्वांस आम्ही या लेखात गावरान टमाटर म्हणणार आहो.

या गावरान वाणांविषयी शेतकऱ्यांची एक जुनी तक्रार आहे. एका वर्षी टोपल्या कमी पडाव्या इतकी फळे येतात. दुसऱ्या वर्षी त्याच वाडीत, त्याच बियांचे झाड छातीइतके वाढते, हिरवेगार दिसते, फुलतेही, आणि फळ मात्र चार-दोन. मग कोणी म्हणतो बी बिघडले, कोणी म्हणतो जमीन दमली, आणि पुढील वर्षी घरच्या बियांची पुरचुंडी कोनाड्यात तशीच राहून दुकानातील पुडी उधारीवर येते. दोन-तीन वर्षे बी लावलेच नाही म्हणजे ते उगवेनासे होते, आणि आजीच्या वेळेपासून चालत आलेला वाण त्या घरातून कायमचा जातो. हे नुकसान पुडीच्या किमतीहून मोठे आहे. म्हणून या लहरीपणाचे खरे कारण काय, व त्यातील आपल्या हाती किती आहे, हे पाहणे अवश्य वाटते.

प्रथम एक गोष्ट ध्यानात धरावी. टमाटराचे फूल उमलल्यापासून फळ पिकून लाल होईपर्यंत सुमारे ४५ ते ५० दिवस लागतात. थंडीत काही अधिक. तेव्हा आज झाडावर फळ नाही, तर त्याचे कारण आजच्या पाण्यात किंवा खतात शोधणे व्यर्थ आहे. ते दीड महिन्यापूर्वीच्या रात्रींत शोधले पाहिजे. रात्रींत असे आम्ही मुद्दाम म्हणतो. रात्रीचे उष्णमान १५ ते २० अंश सेल्सियस असता या झाडाचे फळ उत्तम धरते. ते १३ अंशांच्या खाली गेले म्हणजे फुलातील पराग नीट तयार होत नाही, व फूल देठाच्या गाठीपाशी पिवळे पडून गळते. उलटपक्षी, दिवसाचे उष्णमान ३५ अंशांवर चढले आणि रात्रीही उबट राहू लागल्या, तरीही पराग निकामी होतो. झाडास या दोन्ही वेळी काही रोग झालेला नसतो. ते फुलते, वाढते, परंतु गर्भ धरीत नाही.

आता हे प्रमाण आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या हवेस लावून पाहा. पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीस उघडतो. नोव्हेंबरातील रात्री या पिकास अगदी मानवतात. डिसेंबरच्या उत्तरार्धात व जानेवारीत रात्रीचे उष्णमान १०-१२ अंशांवर, आणि थंडीची लाट आली तर त्याखालीही, उतरते. फेब्रुवारीत पुनः अनुकूल दिवस येतात. मार्च अर्धा सरला की ऊन तापू लागते, आणि पुढे मे महिन्यात तर चंद्रपूरचे ऊन ४५ अंशांपलीकडे जाते हे सर्वांस विदितच आहे. म्हणजे फळ धरण्यास योग्य असे काळाचे दोनच तुकडे आपल्यास मिळतात, एक नोव्हेंबर ते अर्धा डिसेंबर, दुसरा फेब्रुवारी ते अर्धा मार्च. ज्याच्या झाडाची फुले या तुकड्यांत पडली त्याच्या टोपल्या भरल्या. ज्याची रोपे पंधरा दिवस मागे पडली त्याची फुले थंडीत सापडली. बी तेच, वाडी तीच, आणि दोघा भावांच्या उत्पन्नात जमीन-अस्मानाचा फरक. सिरोंचा-अहेरीकडे थंडी सौम्य असून उन्हाळा लवकर येतो आणि कोरची-कुरखेड्याकडील उंच भागात थंडी अधिक बोचते. तेव्हा हे तुकडे जागोजाग थोडे मागेपुढे सरकतात. ज्याने त्याने आपल्या गावचे दिवस स्वतः टिपून ठेवावे. एक साधी वही पुरे आहे. आठवड्यातून एकदा दहा ठराविक झाडांची उमललेली फुले व धरलेली बारीक फळे मोजून लिहावी, म्हणजे पुढील दीड महिन्यात बाजारात किती माल नेता येईल याचा अंदाज बांधता येतो. पीक लहरी वाटते ते फळाकडे पाहणाऱ्यास. फुलाकडे पाहणाऱ्यास त्याची चाल पुष्कळ आधी कळते.

यावर उपाय एकच व तो बिनखर्चाचा आहे. सर्व रोप एकाच दिवशी टाकू नये. गावरान वाणाचे झाड उंच वाढणारे व टप्प्याटप्प्याने फुलणारे असते, त्यामुळे तीन हप्ते करणे चांगले. पहिले बी सप्टेंबरच्या आरंभी, पाऊस चालू असताच, उंच गादीवाफ्यावर टाकावे व वर गवताचे छप्पर करावे. दुसरे सप्टेंबरच्या अखेरीस. तिसरे नोव्हेंबरच्या मध्यास. रोप २५ ते ३० दिवसांचे झाले म्हणजे लावणीस येते व लावणीनंतर सुमारे महिन्याने फुलते. पहिले दोन हप्ते याप्रमाणे नोव्हेंबराच्या तुकड्यात फुलतात, आणि तिसऱ्याची वाढ थंडीत सावकाश होऊन तो फेब्रुवारीत फुलावर येतो. एखादा हप्ता अवकाळी पावसात अगर कडक थंडीत सापडला तरी बाकीचे हाती राहतात. एकरी १५० ते २०० ग्रॅम बी पुरते, व वाडीपुरती लागवड असेल तर चिमूटभर. सबब बियांचा खर्च वाढेल ही भीती नको.

दुसरी एक चूक खताची आहे. गोठ्याशेजारची जागा सोयीची म्हणून टमाटर तेथेच लावतात, व त्यास शेणखताची व युरियाची रेलचेल होते. अशा झाडास पाला दांडगा येतो आणि फूल मागे पडते. तेवढ्यात हंगामाचा पहिला तुकडा निघून जातो. चांगले कुजलेले खत लावणीपूर्वी एकदाच द्यावे, आणि वरखत फळे सुपारीएवढी दिसू लागल्यावर द्यावे. पाणीही नेमाने द्यावे. आठ दिवस ताण व मग एकदम सरी भरून पाणी, असे केल्यास गावरान फळाची पातळ साल तडकते, आणि फळाचे बूड काळे पडते. हे काळे पडणे कीड नव्हे. पाण्याच्या ओढाताणीमुळे फळाच्या टोकास चुना पोहोचत नाही, त्याचा हा परिणाम आहे. फुले भरात असता सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ताटीच्या दोऱ्या हलक्या हाताने झटकाव्या, म्हणजे पराग मोकळा होऊन फळधारणेस मदत होते.

येथवर हवेचा भाग झाला. परंतु सर्व दोष हवेवर टाकणे न्यायाचे होणार नाही. अर्धा दोष आपल्या बी धरण्याच्या पद्धतीत आहे, आणि या लेखाचा मुख्य हेतू तोच सांगण्याचा आहे.

आपल्याकडे बी कसे धरतात? पहिली, दुसरी, तिसरी तोडणी बाजारात जाते. भाव पडला, झाडे वाळू लागली, म्हणजे वेलीवर उरलेली फळे गोळा करून त्यांचे बी राखेत चोळून ठेवतात. याचा अर्थ असा की, जे झाड सर्वांच्या शेवटी फळले त्याचेच बी आपण दरसाल पुढे चालवितो, आणि जे झाड नोव्हेंबरात लवकर फुलून वेळेवर फळले त्याचा वंश बाजारात विकून टाकतो. दहा-पंधरा वर्षे असे चालले तर वाण उशिरा फळणारा होईल यात नवल ते काय! जे शेतकरी थोडे अधिक काळजीचे आहेत ते सबंध पिकातून सर्वांत मोठे फळ बियांस राखतात. ही रीत बरी दिसते, पण तिनेही इच्छित कार्य होत नाही. मोठे फळ पुष्कळदा अशा झाडावर असते की ज्यास एकंदर फळेच थोडी धरली, आणि म्हणून झाडाचे सर्व बळ त्या एका फळास मिळाले. त्याचे बी लावणे म्हणजे थोडी फळे धरणारा वंश वाढविणे होय.

अमेरिकेत ओहायो प्रांतातील रेनॉल्ड्सबर्ग येथे लिव्हिंगस्टन नावाचा एक बियांचा व्यापारी होऊन गेला. त्या काळी तेथील टमाटरही आपल्या गावरानासारखेच वेडेवाकडे व पन्हाळ्यांचे असत. त्याने कित्येक वर्षे उत्तमोत्तम फळे निवडून त्यांचे बी लावले, आणि दरवर्षी पुनः तीच वेडीवाकडी फळे पदरात पडली. शेवटी त्याने फळाकडे पाहणे सोडून झाडाकडे पाहण्यास आरंभ केला. ज्या झाडाची झाडून सारी फळे एकसारखी व गोल, असे एक झाड शोधून त्याचेच बी निराळे लावले व पुढील काही वर्षे तीच निवड चालविली. त्यातून १८७० साली ‘पॅरागॉन’ हा प्रसिद्ध वाण निघाला.

पण इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्याचे कै. दादाजी रामाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या धानाच्या बांधीत, ‘पटेल ३’ या वाणात, इतरांहून निराळ्या अशा काही लोंब्या पाहिल्या. कापणीच्या घाईत त्या इतर धानात मिसळून न टाकता त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, त्यांचे बी वेगळे पेरले, आणि वर्षानुवर्षे तीच निवड चालविली. त्यातून बारीक तांदळाचा जो वाण निघाला त्यास त्या काळी लोकांच्या आवडीच्या असलेल्या मनगटी घड्याळाच्या नावावरून ‘एचएमटी’ हे नाव पडले. आज तो वाण जिल्ह्याच्याच नव्हे तर प्रांताच्या सीमा ओलांडून गेला आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने त्यावरून ‘पीकेव्ही एचएमटी’ हा वाण १९९८ साली प्रसारित केला. खोब्रागडे यांची जमीन दीड एकराच्या आतबाहेर होती व शाळेतील शिक्षण नाममात्र. ते २०१८ साली वारले. त्यांच्या कष्टाच्या मानाने पैसा त्यांच्या पदरात फारच थोडा पडला, याचे वाईट वाटते. परंतु निरीक्षणाची जी रीत त्यांनी धानात वापरली ती टमाटरात वापरण्यास कोणाचीही मनाई नाही, आणि धानाप्रमाणेच टमाटरही बहुतांशी स्वतःच्या परागानेच फळत असल्यामुळे ती येथे तितकीच लागू पडते.

तेव्हा करावे असे. वाडीत शंभर झाडे असतील तर त्यांतून दहा झाडे निवडावी व प्रत्येकास रंगीत चिंधी बांधावी. निवड एका दिवसात करू नये. पहिली फेरी नोव्हेंबराच्या अखेरीस घालून लवकर व भरपूर धरलेली झाडे खुणेची करावी. दुसरी फेरी जानेवारीच्या कडक थंडीत घालावी. शेजारच्या झाडांची फुले गळत असता ज्याने निदान काही फळ धरून ठेवले त्यास दुसरी चिंधी बांधावी. ही फेरी सर्वांत महत्त्वाची होय, कारण चांगल्या दिवसांत सर्वच झाडे चांगली दिसतात. ज्या झाडाची पाने चुरडली, जे सुकले, ज्याची निम्मी फळे तडकली, त्याची चिंधी काढून टाकावी. अखेर दहांपैकी तीन-चार उरली तरी पुष्कळ झाली. त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या घोसाची पूर्ण पिकलेली फळे बियांस राखावी. घरातील मुलांस चिंधीच्या झाडास हात न लावण्याची आधीच ताकीद द्यावी. आमच्या वाडीतील एका वर्षाची निवड अशीच एका दुपारी मीठ लावून खाल्ली गेली आहे.

प्रत्येक झाडाचे बी निरनिराळे ठेवावे, एकत्र करू नये. पुढील वर्षी त्यांची दहा-दहा, बारा-बारा रोपे निरनिराळ्या ओळींत लावावी. ज्या ओळीतील सर्व झाडे सारखी व चांगली निघाली तिचा वंश खरा. आणि जिची झाडे एकमेकांशी जुळत नाहीत तिचे मूळ झाड केवळ मोक्याच्या जागेमुळे अगर परक्या परागामुळे चांगले दिसले असे समजावे. परका पराग येतो कोठून, हेही पाहून ठेवावे. टमाटराच्या फुलात पिवळ्या परागकोशांची एक नळी असते व स्त्रीकेसर बहुधा तिच्या आत दडलेले असते. परंतु काही जुन्या वाणांत ते नळीबाहेर डोकावते, आणि अशा फुलावर माशा दुसऱ्या झाडाचा पराग आणून टाकतात. ज्याचे केसर बाहेर दिसते त्या वाणाच्या बियांच्या घोसास फुले उमलण्यापूर्वी पातळ कापडाची पिशवी बांधावी, अगर तो इतर टमाटरांपासून दीडशे फुटांहून अधिक दूर लावावा.

बी काढण्याची कृती बहुतेकांस ठाऊक आहे, तथापि तीत एक-दोन गोष्टी राहून जातात. फळ कापून बी व रस मडक्यात घ्यावा व एक-दोन दिवस तसाच आंबू द्यावा, दररोज ढवळावे. बियांवरील चिकट आवरण आंबण्यानेच सुटते, राखेत चोळून ते पुरते जात नाही. फार दिवस मात्र ठेवू नये, नाहीतर बी मडक्यातच मोड धरते. मग पाणी घालून वर तरंगणारे पोचट बी ओतून द्यावे, तळाचे धुवून सावलीत पातळ पसरावे, कागदावर पसरल्यास ते चिकटते. कडकडीत वाळल्यावर झाड, ओळ व वर्ष लिहून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावे. असे बी चार-पाच वर्षे उगवते. म्हणून दरसाल सर्वच बी पेरून टाकू नये. निम्मे राखावे, म्हणजे एखादे वर्ष सर्वस्वी बुडाले तरी वाण बुडत नाही.

मर रोगासंबंधी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण पावसाळ्यातील ओलसर व उष्ण हवेत तो आपल्याकडे फार नुकसान करतो. झाड हिरवे असताच दोन-तीन दिवसांत माना टाकते. संशय आल्यास खोडाचा वीतभर तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात उभा धरावा. कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी धार उतरली तर ती जंतूंची मर समजावी. या जंतूंवर औषधाचा उपाय चालत नाही. त्या जागी वांगी, मिरची, बटाटे ही त्याच कुळातील पिके लावू नयेत. आणि जेथे पाणी साचवून धान घेता येते तेथे धानाचे पीक घ्यावे, कारण साचलेल्या पाण्यात हे जंतू पुष्कळ घटतात. या बाबतीत झाडीपट्टीचा शेतकरी इतर मुलखाच्या मानाने सुदैवी आहे, कारण त्यास ही पिकाची पाळी निराळी शिकावी लागत नाही.

आता दुकानाच्या पुडीविषयी. संकरित बियांची निंदा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. ज्याच्या विहिरीस उन्हाळ्यापर्यंत पाणी आहे आणि ज्यास चंद्रपूर, बल्लारपूर अगर नागपूरच्या बाजारात गाडीभर माल पाठवावयाचा आहे, त्याने संकरितच लावावे. गावरानाची पातळ साल तो प्रवास सोसत नाही. मर पडणाऱ्या जमिनीत बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेला ‘अर्का रक्षक’ हा संकर उपयोगी आहे. तो मर, करपा व पानांचा चुरडामुरडा या तिन्हींस तोंड देतो. परंतु संकराचे बी घरी धरून चालत नाही. पुढील पिढीत निरनिराळ्या गुणांची झाडे निघतात, म्हणून पुडी दरसाल नवी घ्यावी लागते. आणि बाजार तर फळाहूनही लहरी. २०२३ च्या जुलैत मोठ्या शहरांतून टमाटर किलोस दीडशे रुपयांपलीकडे गेला, आणि त्याच सालच्या सप्टेंबरात शेतकऱ्यांस तोडणीची मजुरी सुटणे कठीण झाले. असा भाव पडतो त्या वर्षी ज्याने बियांस, ताटीस व फवारणीस कर्ज काढले तो बुडतो. ज्याचे बी घरचे आहे त्याचे फार तर श्रम जातात. म्हणून आमचे मत असे की, रोखीचे पीक कोणतेही घ्या, पण वाडीच्या एका कोपऱ्यात शंभर झाडे गावरानाची असू द्या. घरची भाजी, चटणी व आठवडी बाजाराची एक टोपली त्यावर भागते.

घरचे बी शेजाऱ्यास देण्याघेण्याविषयी काही बंधूंच्या मनात कायद्याची भीती असते, ती निष्कारण आहे. वनस्पती वाणांचे संरक्षण व शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीचा २००१ चा कायदा शेतकऱ्यास आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा व विकण्याचाही हक्क देतो. मात्र संरक्षित वाणाचे बी छापील नावाच्या पुडीत भरून विकता येत नाही. इतकेच नव्हे तर, शेतकऱ्याने स्वतः निवडून स्थिर केलेला वाण त्याच्या नावे नोंदविण्याची सोयही याच कायद्यात आहे. त्यासाठी वाण इतरांहून निराळा, एकसारखा व पिढ्यान्‌पिढ्या तसाच निघणारा असल्याचे दाखवावे लागते, आणि वर सांगितलेली ओळींची वही त्या कामी फार उपयोगी पडते. चौकशीस सिंदेवाही व सोनापूर येथील कृषी विज्ञान केंद्रे जवळची आहेत. शेजाऱ्यास बी देताना त्यास एक अट घालावी. त्यानेही आपली तीन झाडे खुणेची करून त्यांचे बी दोन वर्षांनी आपणास परत द्यावे. कारण आपली बाटली उंदराने फोडली अगर पावसात भिजली, तर वाण मागावयास जाण्यास एक घर राहते.